उंचावरून पाहणे आणि सारखे पाहणे

समदृष्टी हा शब्द आपल्या मंडळींच्या तोंडी इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ काय असे कोणी विचारले तर आपल्यालाच नवल वाटते. सर्वांकडे सारख्या नजरेने पाहणे, झाले. त्यात विचारायचे काय? पण सारख्या नजरेने पाहायचे म्हणजे कोठून पाहायचे, हा प्रश्न उरतोच. जवळून पाहावे तर आपले ते मोठे दिसते आणि दुसऱ्याचे लहान. दुरून पाहावे तर सगळेच लहान दिसते. मग समदृष्टी म्हणजे दुरून पाहणे की काय? आकाशात जाऊन बसलेल्याला ती आयतीच लाभते की काय? हा प्रश्न आता नुसत्या कल्पनेचा राहिलेला नाही. माणूस खरोखरच आकाशात जाऊन राहू लागला आहे, आणि तेथून पृथ्वी कशी दिसते ते सांगू लागला आहे.

२०२५ सालच्या जून-जुलैत आपले शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर राहून आले. तेथून पंतप्रधानांशी बोलताना त्यांनी सांगितले, की बाहेरून पाहिले म्हणजे कोठे सीमा म्हणून दिसत नाही, सारी पृथ्वी एक दिसते. त्यांच्या आधी गेलेल्या इतर देशांच्या वीरांनीही हेच सांगितले आहे. ऐकून बरे वाटते. प्रवचनकार मंडळींना तर हा फार सोयीचा दृष्टांत मिळाला आहे. 'पाहा, विज्ञान शेवटी आपल्याच दाराशी आले!' असे हल्ली पुष्कळ ठिकाणी ऐकू येते.

आम्हांला हा दृष्टांत पुरता पचत नाही. एक तर तो निम्माच खरा आहे. २०११ साली त्याच स्थानकावरून रात्री काढलेल्या एका छायाचित्रात भारत-पाकिस्तानची सरहद्द नारिंगी दोरा टाकावा तशी लख्ख दिसते, कारण कुंपणावर रात्रभर दिवे जळत असतात. म्हणजे सीमा दिसत नाही हे दिवसाचे झाले. रात्रीची गोष्ट वेगळी. आणि दुसरे असे, की माणसाने आखलेल्या रेघा दिवसा दिसत नसतील, पण डोंगराने आखलेल्या दिसतात, आणि त्या काय साध्यासुध्या असतात? अशीच एक रेघ आज वाचकांपुढे ठेवायची आहे.

अरबस्तानच्या दक्षिण अंगाला, अरबी समुद्राच्या काठी, ओमान देशाचा धोफार नावाचा प्रांत आहे. सलाला हे त्यातले मुख्य शहर. शहरामागे थोडे मैदान आणि मैदानामागे डोंगरांची रांग. पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे तसे कमर, करा आणि समहान असे तिचे तीन भाग. फार उंच नाही. मधला करा डोंगर जेमतेम आठ-नऊशे मीटरचा. सप्टेंबर सरता सरता ढग हटले, की अवकाशातून या भागाचे चित्र पाहावे. खाली निळा समुद्र, त्याला लागून किनाऱ्याची पिवळट पट्टी, मग डोंगराच्या समुद्राकडील उतारावर ओल्या भिंतीवर शेवाळ धरावे तसा हिरवा रंग. आणि माथा ओलांडला रे ओलांडला, की एकदम भाजलेल्या खापराचा रंग. तो उत्तरेला सरकत सरकत थेट रुब् अल् खालीत जाऊन मिळतो. या नावाचा अर्थ रिकामा चौथा हिस्सा. साडेसहा लाख चौरस किलोमीटरांचे ते वाळवंट, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे. हिरवी पट्टी मात्र रुंदीला फार तर पंचवीस-तीस किलोमीटर. आता सांगा, भेद दिसत नाही असे कसे म्हणावे? याहून उघड भेद तो कोणता!

ही हिरवळ ज्या वाऱ्याने येते तो वारा आपल्या ओळखीचा आहे. जून ते सप्टेंबर जो नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीवर येऊन कोसळतो, त्याचीच एक बाजू धोफारच्या किनाऱ्याला घासून जाते. तिकडच्या लोकांनी त्या ऋतूला नाव दिले आहे 'खरीफ', आणि आपला शेतकरी ज्याला खरीप म्हणतो तो शब्द हाच. पण देण्याची तऱ्हा निराळी. आपल्याकडे महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलीमीटरांहून जास्त पाऊस पडतो. सलालाला शंभराच्या आसपास. एवढ्याशा पावसावर डोंगर हिरवा होतो तरी कसा? तर तेथे पाऊस पडण्यापेक्षा धुके चिकटते. वारा किनाऱ्याच्या कडेकडेने वाहताना वरचे पाणी बाहेर ढकलतो, आणि त्याच्या जागी समुद्राच्या पोटातले थंड पाणी वर येते. त्या थंड पाण्यावरून येताना हवा गार होते, तिचे धुके होते, आणि ते डोंगराला येऊन टेकते. उतारावर जे रान आहे त्यातले मुख्य झाड आपल्या धावड्याच्या कुळातले आहे. त्याची पाने-फांद्या हे धुके विंचरून घेतात आणि थेंब थेंब करून मुळाशी पाडतात. या रानाचा अभ्यास केलेल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली मांडले, की झाडे धुक्यातून जे पाणी काढून घेतात त्यावरच हे रान बऱ्याच अंशी जगते. झाड गेले, तर तेच धुके काही न देता वरून निघून जाईल, आणि मग पुन्हा झाड उभे राहणे अवघड. अलीकडे तिकडे पैसा आला, तशी गुरे-उंट फार वाढली आणि चराईने रान विरळ होत चालले आहे, ही काळजी म्हणूनच मोठी आहे.

आता मुळावर येऊ. समुद्राकडच्या उताराला सारे काही, मागच्या बाजूला काही नाही. दोन्ही अंगे एकाच डोंगराची. मागच्या अंगाने कोणते पाप केले होते? आमच्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपात नेहमी येतो. कीर्तन संपल्यावर कोणी तरी हळूच विचारतो, 'महाराज, तो सर्वांचा सारखाच, तर मग एकाच्या घरी दूधदुभते आणि दुसऱ्याच्या घरी चुलीवर नुसते पाणी, हे कसे?' याला पूर्वकर्माचे उत्तर देऊन पंगतीला बसणारे पुष्कळ आहेत. डोंगराच्या बाबतीत ते उत्तर चालत नाही, कारण डोंगराला पूर्वजन्म नाही. म्हणून हा दृष्टांत आम्हांला उपयोगी वाटतो. पळवाट बंद होते.

डोंगर पक्षपात करीत नाही, एवढे तर उघडच आहे. तो कोणाला अडवायला उभा राहिलेला नाही. पण त्याहून खोल एक गोष्ट आहे. समुद्रावरचे ते धुके वर जाऊन विरून का जात नाही, खाली डोंगरालाच का बिलगून राहते? त्याचे कारण मागच्या वाळवंटात आहे. तिकडची तापलेली कोरडी हवा वरून येते आणि गार धुक्यावर झाकणासारखी पसरते. झाकणाखाली धुके कोंडून राहते म्हणून ते उताराला भिडते. म्हणजे पाहा, ज्याला काही मिळाले नाही असे आपण म्हणालो, त्याचाच श्वास हिरव्या बाजूच्या डोक्यावर पांघरूण घालून उभा आहे. नुसते चित्र पाहणाऱ्याला एका बाजूला श्रीमंत आणि दुसऱ्या बाजूला दरिद्री दिसतो. दरिद्र्याचा श्रीमंतीत हात आहे, हे चित्रात दिसत नाही. त्याला वाऱ्याची वाट समजून घ्यावी लागते.

आणखी एक आहे. माथ्यापलीकडे, जेथे धुके पोहोचत नाही पण त्याचा गारवा थोडाफार जाणवतो, अशा रखरखीत ओढ्यांत एक बुटके, वेडेवाकडे झाड उगवते. त्याच्या सालीला छेद दिला की दुधासारखा चीक येतो, काही दिवसांनी तो वाळून खडे होतात, आणि ते निखाऱ्यावर टाकले की सुगंध सुटतो. अरबीत त्याला लुबान म्हणतात. आपला लोबान शब्द तेथूनच आला, जरी आपल्या बाजारात लोबान म्हणून मिळते ते बहुधा सुमात्राकडच्या दुसऱ्याच झाडाचे असते. आपल्या रानातली सालई ही या झाडाची सख्खी बहीण. या डिंकासाठी दोन हजार वर्षांपूर्वी रोमपासून हिंदुस्थानपर्यंतची जहाजे या किनाऱ्याशी जोडलेली होती. सलालाच्या पूर्वेला खोर रोरी येथे त्या काळचे बंदर उकरून काढले, तेव्हा तेथे हिंदी घडणीची एक लहानशी कांस्यमूर्ती सापडली. २००० साली 'युनेस्को'ने या साऱ्या लोबानभूमीला जागतिक वारशात घेतले. सलालाच्या उत्तरेला वादी दौकामधली झाडे त्यातच येतात. गंमत अशी, की सर्वांत चांगला मानला जाणारा डिंक हिरव्या बाजूचा नव्हे, या कोरड्या बाजूचा असतो.

येथपर्यंत आले, की प्रवचन करणाराला मोह होतो. 'पाहा मंडळी, ज्याला पाणी नाही त्याला सुगंध दिला! दुःखातच गोडी आहे!' टाळ्या पडतात. आम्ही वाचकांना हात जोडून सांगतो, येथे थांबा. हे वाक्य कोण कोणाला म्हणतो ते आधी पाहा. झाडाला दिलेल्या जखमेतून सुगंध निघतो हे खरे, पण ती जखम झाडाने मागितलेली नाही, आणि विक्रीचे पैसेही झाडाला मिळत नाहीत. जो पोटभर जेवला आहे त्याने उपाशी माणसाला 'तुझ्या उपासातच तुझा सुगंध आहे' म्हणणे ही समदृष्टी नव्हे, तो शुद्ध निर्दयपणा आहे. ज्याचे दुःख त्याने स्वतः असे म्हटले तर आपण मान खाली घालून ऐकावे. दुसऱ्याच्या वतीने म्हणू नये.

आणि हिरव्या बाजूला तरी सारे सुखच होते काय? त्या डोंगरात राहणाऱ्या लोकांची मूळ भाषा अरबी नव्हे. त्यांची स्वतःची जुनी जिब्बाली भाषा आहे. वाळवंटाच्या शेजारी असूनही ते गाई पाळतात, हे ऐकून आपल्या वाचकांना आनंद होईल. गवत संपले की त्या गाईंना वाळवलेले लहान मासे खाऊ घालतात, हे ऐकून कदाचित तितका होणार नाही! असो, ज्याच्या देशात कडबा नाही त्याने काय करावे. तर या हिरव्या डोंगरात १९६५ पासून १९७५ पर्यंत दहा वर्षे लढाई चालली. सुलतानाच्या राज्यात शाळा नाहीत, दवाखाने नाहीत, रस्ते नाहीत, म्हणून डोंगरातले लोक उठले. पुढे त्यात बाहेरच्या देशांचे राजकारण आणि सैन्य शिरले. खरीफचे धुके लढणाऱ्यांना लपायला उपयोगी पडे. १९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले आणि मग बंदुकीबरोबर विहिरी, शाळा, औषधेही डोंगरात जाऊ लागली. त्या दहा वर्षांत वरून कोणी चित्र काढले असते तर काय दिसले असते? हिरवी पट्टी आणि तिच्यावर धुके. एवढेच. पोरे कशाने मरत होती ते काही दिसले नसते.

मग काहींच्या मनात येईल, की देवाने सर्वांना सारखेच द्यावे, म्हणजे वादच मिटला. वाळवंटावरही पाऊस पाडावा. तोही प्रयोग झालेला आहे! २०१८ च्या मे महिन्यात मेकुनु नावाचे चक्रीवादळ सलालावर आले. काही वर्षांचा पाऊस चार-दोन दिवसांत झाला, आणि डोंगर ओलांडून तो रुब् अल् खालीत गेला. वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचली. ऑक्टोबरात दुसरे वादळ आले. त्याचे नाव, योगायोग पाहा, लुबान. ओल्या वाळूत टोळांनी अंडी घातली. तेथे माणूसच नाही, त्यामुळे त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढल्या तरी कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे ते थवे येमेन, आफ्रिका, इराण, पाकिस्तान असे पसरत गेले, आणि २०२० च्या मे महिन्यात टोळधाड आपल्या अमरावती, वर्धा, नागपूरच्या शिवारात उतरली. काटोल-मोर्शीकडच्या बागाईतदाराला तेव्हा धोफार कोठे आहे हे ठाऊक नव्हते. वाळवंट कोरडेच राहावे असे आमचे म्हणणे नाही. पण 'सर्वांना एकच माप' म्हणजे न्याय, ही समजूत फार कच्ची आहे. आई पंगतीत सर्वांना सारखे वाढीत नाही; तान्ह्याला भाकरी देत नाही आणि नांगरून आलेल्याला पेजेवर ठेवीत नाही. तिची समदृष्टी वाढण्यात नसते. कोणी उपाशी उठू नये या काळजीत असते.

ही काळजी डोंगर करू शकत नाही. ती माणसाने करायची. आपल्याकडचेच घ्या. सह्याद्रीच्या पाठीमागे माण, खटाव, आटपाडी, सांगोला हे टापू त्याच वाऱ्याच्या सावलीत कोरडे पडले आहेत, आणि आपली पंढरीही त्याच सावलीत आहे. ही रेघ डोंगराने आखली. तिच्याबद्दल कोणाला दोष देणार? पण कोयनेचे पाणी पहा. ते डोंगराच्या पूर्वेला पडते, पूर्वेला वाहते. बोगद्यातून त्यातला मोठा हिस्सा पश्चिमेला पोफळीकडे वळवून आपण वीज करतो, आणि ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. दुसरीकडे टेंभू योजनेने कऱ्हाडजवळून कृष्णेचे पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याकडे चढवलेही जाते. म्हणजे डोंगराने दिलेले फिरवण्याची शक्ती आज माणसाच्या हाती आहे, या बाजूला आणि त्या बाजूलाही. विजेची गरज नाही असे कोण म्हणेल? परंतु जेथे निवड आहे तेथे 'देवाची इच्छा' म्हणून हात झटकता येत नाहीत. टँकर कोणत्या वाडीला आधी जातो आणि कोणत्या वस्तीला शेवटी, हे वाऱ्यावर ठरत नाही, हे गावोगावचे वारकरी आमच्यापेक्षा चांगले जाणतात.

यावर कोणी म्हणेल, मग उंचावरून पाहणे अगदीच फुकट का? नाही, तसे आम्ही म्हणणार नाही. त्याच धोफारची एक गोष्ट सांगतो. १९८४ साली 'चॅलेंजर' या अमेरिकन अवकाशयानातून राडारने या वाळवंटाची चित्रे घेतली गेली. ती आणि उपग्रहांची इतर चित्रे शास्त्रज्ञांनी न्याहाळली, तेव्हा वाळूत फिकट रेघा दिसल्या. त्या होत्या लोबान वाहून नेणाऱ्या उंटांच्या तांड्यांच्या जुन्या वाटा. शेकडो वर्षे जनावरांच्या आणि माणसांच्या पायांनी जमीन दाबली गेली होती, आणि जमिनीवर उभ्या माणसाला जे कळत नव्हते ते आकाशातून कळले. काही वाटा तर वाळूच्या टेकडीखाली शिरतात आणि पलीकडून पुन्हा निघतात. म्हणजे टेकडीपेक्षा वाट जुनी! राजांचे मनोरे शोधायला गेलेल्यांना पायवाट सापडली. वारकऱ्याला याचे काय वाटेल ते आम्ही सांगायला नको.

पण पुढचे ऐका. वाटा एकत्र येतात ती जागा होती शिसर. तेथे काय आहे हे चित्रावरून ठरेना. शेवटी माणसे गाड्या घेऊन गेली, उन्हात राहिली, कुदळ-फावड्याने उकरीत बसली. १९९२ च्या सुमारास तेथे एका गढीचे अवशेष निघाले. गढी पाण्याच्या जागेवर बांधलेली होती. खालच्या चुनखडीत पोकळी होती, तिचे छत खचले आणि गढीचा एक भाग आत गडप झाला. हीच ती कथांमधली उबार नगरी, असे तेव्हा वर्तमानपत्रांनी गाजवले. पुष्कळ विद्वानांना ते मान्य नाही. नगरी असो वा नसो, वाळवंटात शिरण्यापूर्वी तांडे येथे पाण्याला थांबत, यात वाद नाही.

अवकाश स्थानक चारशे किलोमीटरांवरून दीड तासात पृथ्वीची एक प्रदक्षिणा करते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर त्याला अर्ध्या मिनिटाचे. पालखीला अठरा-वीस दिवस लागतात. वरच्याला त्या अर्ध्या मिनिटात घाट, नदी, रान सगळे एका नजरेत दिसते. दिंडीतल्या माणसाला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. पण पुढच्याचा पाय लचकला तर तो त्यालाच दिसतो, आणि खांद्यावरचे ओझे तोच घेतो. आम्हांला विचाराल तर दोन्ही डोळे हवेत. वाऱ्याची वाट, पाण्याची वाट, टोळांची वाट कळायला उंचावर गेले पाहिजे. शिसरचे पाणी कोठे होते ते खाली उतरून, गुडघे टेकूनच सापडले.

दर वर्षी एकवीस जूनच्या सुमारास सलालाच्या डोंगरावर खरीफचे धुके उतरू लागते. आषाढी वारीचे दिवसही त्याच सुमाराचे. दिवे घाट चढून पालखी सासवडकडे वळते आणि पाऊस मागे मागे राहू लागतो, तेव्हा अंगावर येणारा गार वारा तिकडच्याच समुद्रावरून आलेला असतो. शिसरला जायचे झाले तर सलालाहून डोंगराचा माथा ओलांडून थुमरैतवरून जावे लागते, आणि माथ्यावर हिरवे कोठे संपले ते मोटारीतून सुद्धा बोटाने दाखवता येते.